'प्रवेशाचा हक्क राखीव' कोणासाठी?

रविवारी संध्याकाळी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा कोणत्याही शहरातील बऱ्यापैकी हॉटेलात गेले तर तेथे आपली माणसे हमखास दिसतात. बँकेतला कारकून, शाळेतली शिक्षिका, रेल्वेतला तंत्रज्ञ, वीज मंडळातला अभियंता असे सारे मुलेबाळे, आई-वडील, मित्र यांच्यासह टेबलाभोवती बसलेले असतात. मुलाला दहावीत चांगले गुण मिळाले, मुलीला नोकरी लागली, गावाहून पाहुणे आले, की सगळे मिळून बाहेर जेवायला निघतात. आजच्या तरुणांना यात नवल वाटण्यासारखे काही दिसणार नाही. उलट चळवळीतले काही जुने कार्यकर्ते विचारतील, की समाजाचे एवढे प्रश्न पेटलेले असताना हॉटेलातल्या जेवणावर लिहिण्याचे कारण काय? हा तर चैनीचा विषय!

आम्हाला तसे वाटत नाही. चार पैसे हाती आले म्हणून आपण त्या टेबलापर्यंत पोचलो, असे समजणे हा इतिहासाचा अपमान आहे. या देशात पैसा असूनही माणसाला पाण्याचा घोट मिळत नव्हता, आणि ज्याला मिळत नव्हता तो माणूस पुढे या देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार झाला. म्हणून हॉटेलचे टेबल हा आमच्या दृष्टीने नागरी हक्काचा विषय आहे.

अनेक हॉटेलांच्या दारावर एक पाटी असते, 'प्रवेशाचा हक्क राखीव'. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही हे मालक ठरवणार, असा तिचा अर्थ. बहुतेक लोक ती पाटी न वाचताच आत जातात. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शतकानुशतके न लिहिलेल्या पाटीने बाहेर उभे केले, त्यांनी तरी ती नीट वाचली पाहिजे आणि कायद्याने तिची किंमत काय आहे, हे जाणून घेतले पाहिजे.

१९०१ साली बाबासाहेब लहान असताना भावंडांसह साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले. मसूर स्टेशनावर उतरून बैलगाडीने पुढचा प्रवास झाला. अंगावर चांगले कपडे होते, गाडीवानाला दुप्पट भाडे देण्याची तयारी होती आणि डब्यात भरपूर जेवण होते. नव्हते ते फक्त पाणी. जात कळल्यावर पाणी द्यायला कोणी तयार नव्हते, आणि अन्न समोर असून ती मुले रात्री उपाशी झोपली. पुढे १९१७ साली परदेशातले उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हाही उतरायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात थारा मिळणार नाही हे माहीत असल्याने त्यांना एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावे लागले. थोड्याच दिवसांत हातात काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. विद्वत्तेने, पगाराने, पोशाखाने काही फरक पडला नाही. 'पैसा आला की जात जाते' असे सांगणाऱ्या आजच्या शहाण्यांनी हे दोन प्रसंग पुन्हा वाचावेत.

महाडचा संग्राम आपण पाण्याचा म्हणून आठवतो, आणि ते बरोबरच आहे. परंतु २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून लोक परतल्यानंतर काय झाले? वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा पसरवली गेली आणि सनातन्यांचा जमाव मंडपावर चालून आला. त्या वेळी अनेक लोक जेवत होते. त्यांच्या पुढ्यातले अन्न मातीत मिसळले गेले, स्त्री-पुरुषांना मारहाण झाली. पाणी पिणाऱ्याला जी शिक्षा दिली ती त्याच्या ताटावर दिली, हे लक्षात घ्या. पुढे तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. एका तळ्यासाठी दहा वर्षे कोर्ट! हॉटेलाची पायरी आपल्याला किती स्वस्तात मिळाली, याचा हिशेब येथून सुरू होतो.

त्याआधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी जे केले ते प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकरीस होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन तर केलेच, पण गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले. कोल्हापूरच्या भर वस्तीत 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल उभे राहिले. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तोच चहा पाजू लागले. ज्याने कालपर्यंत पाण्याला शिवू नये त्याच्या हातचा कप राजाच्या ओठाला लागला. राजाने हुकूम काढून गप्प न बसता स्वतः चहा प्याला, यात शाहूंचे मोठेपण आहे.

परंतु एखादा राजा चांगला निघाला म्हणून समाजाचे हक्क सुरक्षित राहत नाहीत. हक्क कायद्यात लिहावे लागतात. बाबासाहेबांना हे पुरते ठाऊक होते. राज्यघटनेच्या कलम १५ च्या दुसऱ्या खंडात स्पष्ट लिहिले आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत जाण्यास आडकाठी करता येणार नाही. मूलभूत हक्कांपैकी बहुतेक हक्क शासनाविरुद्ध आहेत. हा मात्र खाजगी मालकालाही बांधतो. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दात नेमके काय येते, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ सांगितला. जो कोणी आपली सेवा लोकांसाठी खुली ठेवतो तो त्यात आला. त्याच व्यापक अर्थाचा आधार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली खाजगी शिक्षणसंस्थांच्या एका खटल्यात घेतला. म्हणजे उपाहारगृहाच्या दारासाठी लिहिलेला शब्द साठ वर्षांनी कॉलेजचे दार उघडायला उपयोगी पडला. बाबासाहेबांची दूरदृष्टी म्हणतात ती ही.

घटनेच्या पाठोपाठ १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. त्याचे कलम ४ हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवते, आणि हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी अस्पृश्यतेच्या कारणावरून वापरू न देणे हाही गुन्हा ठरवते. शिक्षा एक ते सहा महिने कारावास आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, की ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम १२ सांगते. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा २०१५ साली दुरुस्त झाला, तेव्हा दुकानात किंवा सार्वजनिक ठिकाणी जाण्यास अडवणे आणि सार्वजनिक वापराची भांडी वापरू न देणे हे त्यातही आले. तेथे शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आहे. अनुसूचित जातीतून धम्मदीक्षा घेतलेल्या बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातीच्या यादीत स्थान मिळाले आहे, तेव्हा 'तुम्ही आता बौद्ध, तुम्हाला हा कायदा लागू नाही' असे कोणी फौजदार सांगू लागला तर त्याचे ऐकू नका. आता त्या दारावरच्या पाटीकडे वळा. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला मालक खुशाल बाहेर काढू शकतो. जातीवरून मात्र काढू शकत नाही. पाटी सोन्याच्या अक्षरांत लिहिली तरी ती घटनेच्या वर जात नाही.

मग प्रश्न संपला का? शहरातल्या हॉटेलात आज दारावर जात विचारत नाहीत, हे खरे. जुन्या मुंबईत इराण्याने आपल्या हॉटेलात गिऱ्हाईकाची जात विचारण्याची तसदी घेतली नाही, याचे श्रेयही त्याला दिले पाहिजे. परंतु मनुवाद फार चिवट असतो. समोरचे दार बंद झाले की तो मागच्या दाराने येतो. 'शाकाहारी' एवढा शब्द पुरेसा असताना पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' असे का लिहावे लागते? कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्यातही अनेक उपासक-उपासिका शाकाहारी आहेत आणि त्यांचा आम्हाला आदर आहे. परंतु 'शुद्ध' म्हटले की समोर कोणीतरी अशुद्ध उभा करावा लागतो. अन्नावरून माणसाची प्रतवारी सुरू होते ती येथे.

ही कल्पना नव्हे. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात सहा टेबले केवळ शाकाहारींसाठी वेगळी काढण्यात आली आणि त्याला विरोध करणाऱ्याला दहा हजार रुपये दंड ठोठावण्यात आला. देशातली सर्वांत हुशार म्हणवणारी मुले जेथे शिकतात तेथे पंक्तिभेद! मार्च २०२४ मध्ये घरपोच जेवण पोचवणाऱ्या झोमॅटो कंपनीने शाकाहारी जेवणासाठी वेगळ्या माणसांचा ताफा आणि वेगळा हिरवा पोशाख जाहीर केला. टीका उसळल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख मागे घ्यावा लागला. भर उन्हात दुचाकीवरून डबा पोचवणाऱ्या मुलाच्या अंगावरच्या कपड्यावरून त्याला कोणत्या सोसायटीच्या फाटकातून आत घ्यायचे हे ठरले असते, हे कंपनीला सुचले नव्हते. ज्यांनी वेगळी कपबशी पाहिली आहे त्यांना ते लगेच कळले.

२०१६ साली कोलकात्यातील एका नामांकित हॉटेलात एका महिलेने आपल्या ड्रायव्हरला सोबत जेवायला नेले तेव्हा त्याला प्रवेश नाकारल्याची तक्रार देशभर गाजली. कारण सांगितले जाते कपड्यांचे, स्वच्छतेचे, 'वातावरणा'चे. जातीचे नाव कोणी घेत नाही. पण या देशात ड्रायव्हर, मोलकरीण, सफाई कामगार कोणत्या समाजातून येतात हे सर्वांना माहीत आहे. हॉटेलात मालकीण जेवते आणि तिचे मूल सांभाळणारी मुलगी कडेला उभी राहते, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्यातले काही नवश्रीमंतही तसेच वागू लागले आहेत. ज्यांच्या आज्या दुसऱ्यांच्या अंगणात ओंजळीने पाणी प्याल्या, त्यांच्या नातवंडांनी घरकाम करणाऱ्या बाईला टेबलापासून दूर उभे करावे, याहून मोठी शोकांतिका कोणती?

दुसरी गोष्ट खाद्यपदार्थांच्या यादीची. शहरात आज मालवणी, कोल्हापुरी, वऱ्हाडी, सावजी, पंजाबी, चिनी, सगळे मिळते. महाराष्ट्रीय थाळी म्हणून जे पुढे येते त्यात वरणभात, आळूची भाजी, श्रीखंड असते. महार-मांगांच्या घरात शेकडो वर्षे जे शिजले ते मात्र कोठेच नसते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक २०१५ साली लिहिले. त्याच्या शीर्षकातच सगळे आले. ज्यांना पोटभर मिळालेच नाही त्यांच्यासाठी अन्न पूर्णब्रह्म कसे होणार? आपल्या आज्यांनी टंचाईतून, नाइलाजातून जी चव निर्माण केली तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र ज्या लाचारीतून ते अन्न आले त्या लाचारीचा गौरवही नको. मेलेल्या गुराचे मांस सोडा, शिळेपाके तुकडे मागू नका, असे बाबासाहेबांनी महाडलाच सांगितले होते. त्यांचा आक्षेप अन्नामागच्या गुलामीला होता.

आता थोडे आपल्या स्वतःच्या टेबलाकडे पाहू. मित्रमंडळी घेऊन आपण जेवायला जातो तेव्हा त्या टेबलाभोवती कोण असते? बौद्ध, मातंग, चर्मकार, ढोर, भटके, आदिवासी, मुस्लिम, ओबीसी असे सारे बसतात का? ऑफिसातल्या सवर्ण मित्रांबरोबर बसताना आपला आवाज लहान होतो का? टेबल राखून ठेवण्यासाठी फोन केला तर आडनाव सांगताना आपण क्षणभर थांबतो का? समोरच्या टेबलावरच्या ओळखीच्या माणसाला 'जयभीम' घालताना इकडेतिकडे पाहतो का? हे प्रश्न कडू आहेत. पण हॉटेलमालकाने न लावलेली पाटी आपणच मनाच्या दाराला लावून घेतली असेल तर कायदा काय करणार?

सहभोजन हा काही शेवटचा टप्पा नव्हे, हेही विसरता कामा नये. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी हा मुद्दा निःसंदिग्धपणे मांडला आहे. एकत्र जेवून जात मरत नाही. अनेक जातींत रोटीव्यवहार होतोच, तरीही जातीची भावना शाबूत राहते. बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि त्याहीपुढे, जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरचा विश्वास उखडला पाहिजे. आज शहरातला सवर्ण मित्र आपल्याबरोबर एका ताटात बिर्याणी खातो आणि 'आम्ही जात मानत नाही' असे म्हणतो. त्याच्या मुलीचे लग्न ठरवताना तो काय मानतो ते विचारा. आणि हाच प्रश्न आपल्या पोटजातींनाही विचारा. बिर्याणी एकत्र आणि सोयरीक वेगवेगळी, हे समतेचे लक्षण नव्हे.

एक गोष्ट मात्र मनापासून चांगली आहे आणि ती सांगायलाच हवी. बाहेर जेवायला गेल्यावर घरातली आई सगळ्यांबरोबर बसून गरम जेवते. घरी ती शेवटी बसते, उरलेले खाते, उभ्याउभ्या खाते. स्त्रीमुक्तीसाठी हॉटेलचे बिल भरावे लागावे हे काही भूषणावह नाही. जे रविवारी हॉटेलात जमते ते सोमवारी घरात का जमू नये? पुरुषांनी याचे उत्तर द्यावे.

वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे जमिनीचे, नोकरीचे, मारहाणीचे खटले येतात. हॉटेलात झालेल्या अपमानाची तक्रार घेऊन क्वचितच कोणी येते. एकदा खेड्यातून आलेले एक वयस्क अशील कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा पिऊन झाल्यावर ग्लास स्वतः विसळून बाजूला ठेवू लागले. आम्ही हात धरला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, गावात सवय आहे." पन्नास-साठ वर्षांचा कायदा, आणि गावातला ग्लास अजून बाजूलाच! कारण गावातल्या त्या हॉटेलवाल्याविरुद्ध आजवर एकाही माणसाने साक्ष दिली नव्हती.

म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो. हॉटेलात, टपरीवर, खानावळीत जातीवरून अडवले, वेगळे भांडे दिले, जातिवाचक बोलले, तर भांडण न करता आधी वेळ आणि ठिकाण टिपून ठेवा. जे हजर होते त्यांची नावे घ्या. बिल मिळाले असेल तर जपा, मोबाइलवर फोटो काढा. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या आणि तिची प्रत मागा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाणेदाराने नकार दिला तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, तेथेही दाद लागली नाही तर न्यायालयात अर्ज करा. माल किंवा सेवा नाकारल्याबद्दल नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ६ खाली दोषी ठरलेल्या धंदेवाल्याचा परवाना रद्द किंवा स्थगित करण्याचा अधिकार न्यायालयाला कलम ८ ने दिला आहे. पाचशे रुपये दंडाला कोणी भीत नाही, परवान्याला सगळे भितात.

आणि शहरात जेवायला जरूर जा. आई-वडिलांना न्या, बायको-मुलांना न्या, मातंग मित्राला, मुस्लिम शेजाऱ्याला, घरकामाला येणाऱ्या ताईला न्या आणि शेजारी बसवा. टेबल पुसणाऱ्या मुलाला 'ए' म्हणून हाक मारू नका, त्याचे नाव विचारा. तो कदाचित आपल्याच कोणाचा तरी मुलगा असेल, आणि नसला तरी तो माणूस आहे. जेवण येईपर्यंत जी पंधरा मिनिटे मिळतात त्यात मुलांना मसूर स्टेशनाची, महाडच्या मंडपाची आणि गंगारामांच्या चहाची गोष्ट सांगा. आपण या खुर्चीवर कोणाच्या जिवावर बसलो आहोत, हे त्यांना जेवण्यापूर्वी माहीत असले पाहिजे.